देहप्रतीला न कळलेला उपास

"आज दुपारी काय खाल्लंत?" हा प्रश्न वृषाली खराडेला तिच्या नवऱ्यानं पंचवीस वर्षांत कधी विचारला नव्हता. गेले सहा आठवडे एक यंत्र तो दिवसातून पाच वेळा विचारत होतं.

यंत्र म्हणजे दंडावर चिकटवलेली रुपयाएवढी चकती आणि तिच्याशी जोडलेला फोन. चकती अंगातली साखर, क्षार आणि आणखी बरंच काही दर पाच मिनिटांनी मोजायची आणि फोन शुद्ध मराठीत चौकशी करायचा. दीड भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं, असं सांगितलं की तो विचारायचा, "भाकरी ज्वारीची की बाजरीची?" मग भरताला तेल किती, भात वाटीनं किती, ताकात साखर होती का. वृषाली अगदी मेटाकुटीला यायची. सोमवारी आणि गुरुवारी मात्र तिची सुटका होई. "आज उपास," एवढं म्हटलं की यंत्र "नोंद झाली, धन्यवाद," म्हणून दिवसभर गप्प बसे. उपासाचं फळ लगेच मिळतं ते असं, असं ती डेअरीत सगळ्यांना हसून सांगायची.

हा सगळा खटाटोप आक्कासाठी चालला होता. शैलजाआक्का म्हणजे वृषालीची थोरली जाऊ, वय अठ्ठावन्न, तोंडानं फटकळ. दोन्ही किडन्या तीन वर्षांपूर्वी निकामी झाल्या आणि तेव्हापासून दर मंगळवारी नि शुक्रवारी तासगावाहून मिरजेला डायलिसिससाठी फेरी सुरू झाली. २०४१ साल उजाडलं तरी कृत्रिम किडनी बाजारात यायची राहिलेलीच होती. सुया टोचून टोचून आक्काच्या हातातल्या शिरा थकल्या होत्या. दुसऱ्या कुणाची किडनी मिळाली नाही तर वर्ष, फार तर दीड वर्ष, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आक्काचा नवरा पंधरा वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ झालं नाही, माहेरी कुणी उरलं नाही. सगळ्या घरात तिच्याशी रक्त जुळलं ते एकट्या वृषालीचं.

वृषालीनं "मी देते" म्हटलं ते एका दमात. पण खरं सांगायचं तर बाई भित्री. कानात डूल घालताना रक्त आलं तर आठवडाभर सांगत फिरणारी. पण "नाही" म्हणायला जीभ रेटेना, कारण आक्का नसती तर वृषाली आज कोण असती? लग्नानंतर दोन वर्षांनी तिला दुग्धशाळेच्या पदविकेला प्रवेश मिळाला, तेव्हा पोर आठ महिन्यांची होती आणि सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. आक्का चुलीपुढून उठली आणि म्हणाली होती, "पोरगी माझ्याकडं ठिव आणि तू जा. बघू कोण काय म्हणतंय." कुणी काही म्हणालं नाही. दोन वर्षं आक्कानं ते लेकरू वाढवलं आणि वृषाली शिकून आली. आज ती तालुक्याच्या दूध संघात प्रयोगशाळेची प्रमुख होती. आक्कानं तो विषय पुन्हा कधी काढला नव्हता.

सोमवारचा उपास वृषालीचा माहेरापासूनचा. गुरुवारचा तिनं नवा धरला होता. आक्काला गुण येऊ दे म्हणून वाडीच्या दत्ताला बोललेला. आणि या दोन्ही दिवशी सकाळी, किडनीच्या पथ्यामुळं स्वतःला त्यातला घास चालत नसतानाही, साबुदाण्याची खिचडी करून द्यायची ती आक्काच. वर भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, चमचाभर तूप, बटाट्याच्या फोडी. उपासाचं काही कमी पडू नये, हा तिचा बाणा.

आता देहप्रत म्हणजे काय, ते सांगायला हवं.

माणसाच्या शरीरात अन्नाचं रक्त कसं होतं, साखर कुठं साठते, किडनी काय गाळते, काय ठेवते, हे सगळं समीकरणांत मांडायला शास्त्रज्ञांना अर्धशतक लागलं. अशी नऊ हजार समीकरणं एकत्र गुंफली की संगणकात एक शरीर उभं राहतं. समीकरणं सगळ्यांना तीच. वेगळे असतात ते त्यांतले आकडे. कुणाचं यकृत साखर भराभर आत घेतं, कुणाचं रमतगमत. हे आकडे कुणाच्या पोटात शिरून बघता येत नाहीत, म्हणून संगणक ते अंदाजानं धरतो, त्या माणसानं खाल्लेलं अन्न प्रतीला खाऊ घालतो आणि तिची साखर खऱ्या माणसासारखी चढते-उतरते का ते पाहतो. नाही चढली की आकडे बदलतो. असं लाखो वेळा. शिंपी ब्लाऊज पुन्हा पुन्हा अंगाला लावून टाचण्या बदलतो, तसं. सहा आठवड्यांत प्रत माणसाच्या अंगाबरोबर बसते.

मग खरी गंमत सुरू होते. या प्रतीची एक किडनी रक्ताचा थेंब न सांडता काढून टाकता येते आणि पुढची वीस वर्षं वीस मिनिटांत पळवता येतात. तीही एकदा नव्हे, दहा हजार वेळा, दर वेळी नशीब थोडं निराळं धरून. कधी वजन वाढलं, कधी मोठा ताप आला, कधी घरात काळजी शिरली. शंभरात दहापेक्षा जास्त वेळा दात्याचं भलं झालं नाही, तर त्याची किडनी घ्यायची नाही, असा कायदाच झाला होता. कायदा चांगला होता. आपल्या माणसासाठी अंगातलं काढून द्यायला निघालेल्या कितीतरी भाबड्या लोकांना त्यानं वाचवलं होतं.

निकालाच्या मंगळवारी मिरजेच्या त्या इस्पितळात (नाव सांगण्याचं कारण नाही) वृषाली, तिचा नवरा रणजित आणि नुकतीच डायलिसिसवरून उठलेली आक्का असे तिघं डॉ. हळदणकरांसमोर बसले. देहप्रती सांभाळणारा तंत्रज्ञ, श्रेयांस चौगुले नावाचा तिशीतला गृहस्थ, भिंतीवरच्या पडद्याशी उभा होता.

"मला वाईट वाटतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शंभरातून एकसष्ट."

"म्हणजे?" रणजितनं विचारलं.

"म्हणजे यांनी किडनी दिली, तर दहा-पंधरा वर्षांत यांना मधुमेह होण्याची आणि उरलेली किडनी खराब होण्याची शक्यता शंभरात एकसष्ट. आजची यांची तपासणी उत्तम आहे. पण हे बघा." पडद्यावर सहा आठवड्यांची वेडीवाकडी रेघ उमटली. "उपवासाच्या दिवशीसुद्धा यांची साखर एकशे सत्तरपर्यंत चढते. यकृत ऐकत नाही, असा त्याचा अर्थ. बाहेरून काही दिसत नाही, पण आतून सुरुवात झालेली आहे."

वृषालीला त्यातला फक्त "नाही" ऐकू आला. अंग एकदम हलकं झालं. मग आपल्याला हलकं वाटतंय हे लक्षात येऊन तिचे कान तापले. तिनं आक्काकडं पाहिलं. आक्का पडद्यावरच्या रेघेकडं टक लावून बघत होती, दुकानदाराचा काटा बघावा तशी.

"ह्या उंच टेकड्या कुठल्या वारच्या वो?" आक्कानं विचारलं.

"सोमवार आणि गुरुवार," श्रेयांस म्हणाला.

आक्कानं एकदा वृषालीकडं पाहिलं. मग पदर सावरून उठलीच. "झालं तर मग. मशीननं सांगितलं ते खरं. आता हा विषय बंद."

ही तीच आक्का, जी मिक्सरमधल्या चटणीवरसुद्धा विश्वास ठेवत नव्हती. पण त्या वेळी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. निघताना श्रेयांसनं सांगितलं की चकती द्यायला येत्या सोमवारी या, त्या दिवशी नोंदी बंद होऊन निकाल कायम होईल आणि मग दोन वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही.

गाडीत बसल्यावर रणजित हळूच म्हणाला, "सुटलीस बाई."

गुरुवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर शेगडी थंड होती.

"साबुदाणा भिजवायचा राहिला बघ," आक्का म्हणाली. "डोकंच काम करंना. आणि तो उपास तरी कशाला आता? ज्याच्यासाठी बोललीस ते संपलं न्हवं?"

"देवाला बोललेलं मधेच कसं सोडायचं?" वृषाली म्हणाली आणि पेलाभर ताक पिऊन डेअरीत गेली. आक्का विसरली, म्हणजे दुखणं आता डोक्यापर्यंत गेलं, एवढंच तिला वाटलं आणि वाटेत डोळे भरून आले.

दुपारी फोननं विचारलं, "काय खाल्लंत?"

"आज उपास."

"नोंद झाली, धन्यवाद."

फोन ठेवता ठेवता तिची नजर त्याच्या पडद्यावर गेली. आजची साखरेची रेघ सकाळपासून सरळ आडवी होती. मागच्या गुरुवारी मात्र याच वेळी टेकडी. त्याच्या आधीच्या सोमवारी टेकडी. मागं मागं सगळीकडं टेकड्या. आणि प्रत्येकीखाली तोच शेरा: आहार शून्य.

वीस वर्षं दुधाचे नमुने तपासलेली बाई ती. दूध न ढवळता वरचं घेतलं तर फॅट जास्त लागतं, तळाचं घेतलं तर कमी, आणि यंत्र दोन्ही वेळा खरंच बोलत असतं, हे ती दर नव्या मदतनिसाला शिकवायची. तिनं हातातली नळी खाली ठेवली. आहार शून्य? वाडगाभर खिचडी, वर बटाटा, संध्याकाळी रताळ्याचा कीस, आणि आहार शून्य?

तिनं "उपास" म्हटलं होतं. आणि यंत्रानं ते खरं मानलं होतं!

मग पुढचं सगळं तिला आपोआप दिसत गेलं. पोटात काही नाही आणि साखर तर चढतेय, म्हणजे ती आतूनच आली, यकृतानंच सोडली, असं त्या बिचाऱ्या संगणकानं धरलं. दुसरं धरणार काय? त्यानं प्रतीचं यकृत बिघडवलं, तेव्हा कुठं रेघा जुळल्या. ते बिघडलेलं यकृत घेऊन ती प्रत वीस वर्षं पळाली आणि शंभरात एकसष्ट वेळा खड्ड्यात पडली. तिच्या अंगात काही झालेलं नव्हतं. ती धडधाकट होती. आणि हे तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोमवारपर्यंत गप्प बसलं की झालं.

हा विचार आपल्या मनात कुठून आला, असं म्हणायची सोय नव्हती. तो तिचाच होता आणि आल्या आल्या घरच्यासारखा ऐसपैस बसला. कुणी तिला दोष देणार नव्हतं. तिनं तर "देते" म्हटलं होतं, कायद्यानंच अडवलं. पोटावर वार नाही, भूल नाही, डोळे मिटल्यावर पुन्हा उघडतील की नाही ही धाकधूक नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं आक्काच्या नजरेला नजर दिली नाही. आक्काही तिच्याकडं फारशी बघत नव्हती. दोघी जणी एकमेकींना चुकवत भांडी आवरत राहिल्या.

शुक्रवारी डायलिसिसला वृषालीच सोबत गेली. डाव्या हाताची शीर मिळेना. नर्सनं चार वेळा सुई टोचली आणि चारही वेळा काढली.

"अगं, नांगरतीस का काय?" आक्का तिला म्हणाली. नर्स हसली, पण तिच्या कपाळावर घाम होता. शेवटी मानेत नळी घालायचं ठरलं. ती घालताना आक्कानं वृषालीचा हात धरला नाही. पदराचा बोळा करून तोच घट्ट धरून ठेवला. आपल्याला त्रास होऊ नये म्हणून ती हात धरत नाही, हे वृषालीला समजलं आणि तिला तिथं उभं राहवेना.

रविवारी तिनं रणजितला सगळं सांगितलं. तो चपलेच्या अंगठ्याशी खेळायला लागला.

"आणि कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मी काय सांगू तुला?" तो म्हणाला. "सांग म्हणालो तर नवरा कसला, आणि नको म्हणालो तर दीर कसला? वैनीनं मला हातानं जेवू घातलंय गं. पण मला तू पाहिजेस, एवढं मातुर ध्यानात ठेव."

हा माणूस इतकं सरळ कधी बोलला नव्हता. वृषालीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सोमवारी ती पहाटेच उठली. साबुदाणा तिनं स्वतः भिजवून ठेवला होता. खिचडी करून डबा भरला, आणि निघणार तोच आक्का दारात.

"कुठं निघालीस?"

"मिरजेला. चकती द्यायला."

"त्याला जायला कशाला पाहिजे? कुरिअरनं जाती की चकती." आक्का चौकटीतून बाजूला होईना. "आणि हे डब्यात काय?"

"खिचडी. भूक लागली तर."

"उपास हाय न्हवं तुझा?"

"म्हणूनच," वृषाली म्हणाली.

दोघींची नजरानजर झाली. मग आक्का बाजूला झाली.

श्रेयांस चौगुलेनं चकती घ्यायला हात पुढं केला, तर वृषालीनं त्याच्या टेबलावर डबा ठेवला.

"आधी हे बघा. हा माझा उपास."

"म्हणजे?"

"सोमवार-गुरुवार मी हे खाते. वाडगाभर. रात्रीला रताळं, नाहीतर वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी."

श्रेयांस डब्याकडं पाहत राहिला. "पण तुम्ही तर उपास म्हणून सांगितलं होतं."

"मग? उपासच आहे हा."

"काकू, उपास म्हणजे," त्यानं हातानं कोरी हवा दाखवली, "काहीच नाही. गरम केलेलं पाणी, तेसुद्धा सूर्य मावळायच्या आत. माझ्या आज्जीनं दशलक्षण पर्वात दहा उपास केले होते, नुसत्या पाण्यावर."

"तुम्ही जैन का?" वृषालीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अहो, आमच्यात तसं नसतं. आमच्यात एकादशी आणि दुप्पट खाशी."

श्रेयांस मटकन खुर्चीत बसला. यंत्राला मराठी शब्द शिकवायचं काम तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडंच आलं होतं. न्याहारी, फराळ, शिळं, उष्टं, चारशे शब्दांचे अर्थ त्यानं एकेक करून तपासले होते. "उपास" या शब्दापुढं शून्य लिहिताना त्याला क्षणभरही शंका आली नव्हती. सांगलीत जन्मलेला, शाळेत शेजारच्या बाकावरच्या पोरांच्या डब्यातली खिचडी पाहिलेला माणूस. पण तिला ती पोरं फराळ म्हणत आणि त्याच्या कानात उपास हा शब्द आज्जीच्या आवाजातच बसलेला होता.

"पुरावा पाहिजे ना?" वृषाली म्हणाली आणि तिथंच बसून खिचडी खायला लागली. मध्येच तिला वाटलं, असं एकटीनं खाणं बरं दिसत नाही. "घ्या की थोडी."

"बटाटा आहे का त्यात?"

"आहे."

"मग नाही चालत मला," तो ओशाळून म्हणाला आणि दोघंही हसले. पाऊण तासात पडद्यावर टेकडी उभी राहिली, मागच्या सगळ्या टेकड्यांची सख्खी बहीण शोभावी अशी.

डॉ. हळदणकर धावत आल्या. रेघ बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "माझी आई श्रावणात हेच खाते! आणि मी कागदावर उपवास वाचलं की डॉक्टरी उपवासच वाचते." मग त्या वृषालीपाशी येऊन बसल्या. "तुम्ही आज आला नसता तर आम्हाला हे कधीच कळलं नसतं. हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"हो," वृषाली म्हणाली.

सहा आठवड्यांतल्या प्रत्येक उपासाची खिचडी, रताळी आणि केळी आठवून आठवून नोंदवली गेली. संगणकानं सगळ्या टाचण्या नव्यानं लावल्या. यकृत सुधारलं. प्रत पुन्हा पळाली, दहा हजार वेळा. शंभरात तीन.

श्रेयांस तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं मागच्या तीन वर्षांतले नकार उघडले. त्यांत सत्तावीस बाया अशा निघाल्या, की ज्यांच्या नोंदीत कुठं ना कुठं "उपास" होता. अकरा जणींना पुन्हा बोलावता येण्यासारखं होतं. उरलेल्या सोळा जणी ज्यांना किडनी देणार होत्या त्यांचं काय झालं, हे विचारायचं धाडस वृषालीला झालं नाही. श्रेयांसनंही सांगितलं नाही, पण त्या सोळा घरी तो स्वतः जाऊन आला, असं पुढं तिच्या कानावर आलं. यंत्र आता "आज उपास" म्हटलं की विचारतं, "कुठला? आणि उपासाला काय काय खाल्लं?"

परवानगी देणाऱ्या समितीतले एक वयस्कर गृहस्थ चष्म्यावरून बघत वृषालीला म्हणाले, "आमच्या घरी जावा एकमेकींना विरजणसुद्धा देत नाहीत. तुम्ही किडनी का देताय?" तिनं पुष्कळ उत्तरं पाठ केली होती. आयत्या वेळी ती सगळी पळाली. "त्यांनी माझं लेकरू वाढवलं," ती म्हणाली, "आणि कधी बोलून दाखवलं नाही." गृहस्थांनी सही केली.

ऑपरेशनच्या सकाळी ती इतकी घाबरली होती की भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच तिनं तुम्हाला सवय आहे ना, असं दोनदा विचारलं. डोळे मिटले आणि उघडले, तेव्हा दुपार झालेली होती. आपण आहोत, या साध्या गोष्टीचा तिला केवढा आनंद झाला! कुशीत आग पडली होती, घसा कोरडा होता आणि तिला समोरच्या पंख्याचेही आभार मानावेसे वाटत होते.

चौथ्या दिवशी तिला काठीच्या आधारानं आक्काच्या खोलीत नेलं. आक्का उशीला टेकून बसली होती. चेहऱ्यावरचा तीन वर्षांचा काळपट रंग उतरायला लागला होता. नवी किडनी पहिल्या तासापासून कामाला लागली, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"तुझ्यावानीच हाय," आक्का म्हणाली. "लगबगीची."

वृषाली खुर्चीत टेकली. चार दिवस तिच्या मनात एकच गोष्ट ठुसठुसत होती. ती पोटात ठेवून या बाईचा आनंद पाहणं तिला जमेना.

"आक्का, एक सांगायचंय. मला गुरुवारीच कळलं होतं. मशीनची चूक. रविवारपर्यंत मी कुणाला काही बोलले नाही. भ्याले होते मी. नाहीच सांगावं, असंही वाटलं होतं."

तिला वाटलं, आक्का तोंड फिरवील. आक्कानं तिच्याकडं अगदी निवांतपणे पाहिलं.

"मला मंगळवारीच कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"खिचडी कोण करत होतं गं? सोमवार-गुरुवार म्हणल्यावर मशीनला न्हाई कळलं, मला कळणार न्हाई व्हय?" आक्का हसली. "म्हणून तर गुरुवारी साबुदाणा भिजवला न्हाई. म्हटलं, खिचडी डोळ्यापुढं आली तर ह्या बयेच्या डोक्यात उजेड पडायचा. तर तू जास्तच हुशार."

"पण आक्का, तुम्ही का नाही बोललात? तुमचा जीव..."

"तुला टाचणी लागली तरी रडू येतंय. मला ठावं न्हाई व्हय? 'देते' म्हणालीस तवापासनं रात्रीची तू कूस बदलतीस, ते भिंतीपलीकडं ऐकू येत होतं मला. मशीननं तुला सोडवलं होतं, ते बी तुझ्या माथ्यावर काही न ठेवता. मी कशाला परत अडकवू? मी माझं बघितलं असतं. जेवढं असंल तेवढं."

गुरुवारपासून सोमवारपर्यंत एका घरात, एका स्वयंपाकघरात, दोघी बायका एकच गोष्ट मनात ठेवून एकमेकींना चुकवत वावरल्या होत्या. दोघी एकाच माणसाला वाचवत होत्या आणि ते माणूस वृषालीच होतं. आक्काला वाचवणारं तेवढे दिवस घरात कुणीच नव्हतं, आक्कासुद्धा नाही.

ती रडायला लागली आणि रडता रडता टाक्यांतून कळ आली म्हणून कळवळली.

"गप, गप. उसवशील," आक्का म्हणाली आणि नळ्या सांभाळत हात पुढं करून तिनं वृषालीचा हात धरला. मानेत नळी घालताना धरला नव्हता, तो आता घट्ट धरला.

त्यांच्या घरात आभार मानायची रीत नव्हती. आपल्याच माणसाचे आभार कसले, असं सासूबाई म्हणायच्या. पण वृषालीला आज ते मनात ठेवायचं नव्हतं.

"आक्का, लई उपकार झाले," ती म्हणाली.

"कुणाचे गं?" आक्कानं विचारलं. "कुणावर?"